अ‍ॅटनबरो कुठले, कोळथरकर कुठले

अ‍ॅटनबरो हे आडनाव आपल्याकडे बहुतेक घरांत माहितीय. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९८२ साली 'गांधी' केला, त्याला आठ ऑस्कर मिळाली, आणि त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड म्हणजे तर प्राणी-पक्ष्यांच्या डॉक्युमेंटरीतला तो आवाज, आमच्याकडे पोरं जेवताना तोच लावून बसतात. दोघं भाऊ एवढे मोठे झाले की आपल्याला वाटतं हे तिकडचं जोशी-पाटलांसारखं नेहमीचं आडनाव असणार. तसं नाहीये. इंग्लंडमध्ये ते दुर्मिळ आडनावांत मोडतं, आणि दुर्मिळ आहे म्हणूनच त्याचा माग काढता येतो. या एका गोष्टीने मला सध्या इतकं झपाटलंय की आज सगळं लिहूनच काढते.

तर हे आडनाव मुळात एका गावाचं. इंग्लंडच्या मधोमध नॉटिंगहॅमशायर म्हणून परगणा आहे, तिथं नॉटिंगहॅम शहराच्या नैऋत्येला ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं छोटं गाव आहे. नावातलं 'बरो' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'बर्ह', तटबंदी केलेली जागा, आपण गढी म्हणतो ना तसलं काहीतरी, आणि पुढचा भाग म्हणजे अ‍ॅड्डा नावाचा कुणी माणूस. म्हणजे अ‍ॅड्डाची गढी. आडनावांचे काही कोश असंही म्हणतात की काही घरांत याचा अर्थ नुसता 'गढीपाशी राहणारा' एवढाच असू शकेल, मग तो कुठल्याही गढीपाशी राहणारा असेल. पण मग ही माणसं देशभर विखुरलेली सापडायला हवी होती, आणि ती तर नॉटिंगहॅमशायर आणि शेजारचा डर्बीशायर याच पट्ट्यात एकवटलेली सापडतात. म्हणून मला गावाचाच दावा पटतो.

इंग्लंडमध्ये सुद्धा आडनावं काही अनादि काळापासून नाहीत बरं का. १०६६ मध्ये नॉर्मन लोक आले, त्यानंतर आधी सरदार-जमीनदारांनी वंशपरंपरेने आडनाव लावायला सुरुवात केली, मग हळूहळू साध्या माणसांपर्यंत ते झिरपलं आणि १४०० च्या आसपास इंग्लंडमधल्या बहुतेक लोकांकडे आडनाव होतं. कुणाचं गावावरून, कुणाचं बापाच्या नावावरून, कुणाचं धंद्यावरून आणि कुणाचं चक्क टोपणनावावरून. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावात होता, त्यामुळे स्मिथ हजार ठिकाणी हजार वेळा तयार झाले, एका स्मिथचा दुसऱ्याशी काही संबंध असेलच असं नाही. पण एका छोट्या गावाचं नाव लावणारं घर कदाचित एकदाच तयार होतं.

आता इथं एक अडचण मला पडली होती. गावाचं नाव आडनाव म्हणून लावायचं, तर त्या गावात सगळेच ते लावतील की. हे मी दादरच्या माझ्या मामाला फोनवर विचारलं, कारण माझ्या आईचं माहेरचं आडनाव कोळथरकर, दापोली तालुक्यातलं समुद्राकाठचं कोळथरे, जिथं कोळेश्वराचं देऊळ आहे, ते गाव. मामा म्हणाला, "अगं, कोळथऱ्यात कोण कशाला कोळथरकर म्हणवून घेईल? तिथं सगळेच कोळथऱ्याचे. बाहेर पडला तो कोळथरकर."

इंग्लंडमधले अभ्यासक नेमकं हेच सांगतात. गावाचं आडनाव गावात पडत नाही, गाव सोडल्यावर पडतं, पुढच्या गावातल्या लोकांनी ओळख म्हणून लावलेलं असतं ते. ठाण्यात राहून कुणी ठाणेकर आडनाव कमावत नाही. म्हणून अशा आडनावाचा नकाशा काढला तर तो मूळ गावावर दाट आणि बाहेर विरळ असा असेलच असं नाही, बऱ्याचदा गाव रिकामं असतं आणि आसपासच्या पाच-दहा मैलांत गर्दी असते.

हे नकाशे काढता येतात कारण त्यांच्याकडे कागद आहेत, आणि याचा मला खरंच हेवा वाटतो. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची. त्यातल्या बऱ्याच वह्या अजून टिकून आहेत. मग १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, आणि १८८१ ची जनगणना तर नावानिशी पूर्ण उतरवून काढलेली आहे, जवळजवळ २ कोटी ६० लाख माणसं फक्त इंग्लंड आणि वेल्समधली, त्यात आडनाव टाकलं की कुठल्या परगण्यात किती ते समोर येतं. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी, १८९० मध्ये, हेन्री गपी नावाच्या एका माणसाने हेच काम हाताने केलं होतं. त्याने नाव-पत्त्यांच्या छापील डिरेक्टऱ्या घेऊन फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली. फक्त शेतकरी का, तर शेतकरी जमीन सोडून सहसा जात नाही, त्यामुळे आडनावाचं मूळ घर कुठं ते त्याच्यावरून कळेल. मला ही युक्ती प्रचंड आवडली, एवढा साधा विचार आणि एवढा कामाचा.

अ‍ॅटनबरो मंडळी कशी पसरली ते त्या एकाच घराण्यात दिसतं. डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक १८८७ साली स्टेपलफर्डला जन्मले, आणि स्टेपलफर्ड म्हणजे अ‍ॅटनबरो गावापासून सहज चालत जाता येईल एवढ्यावर. आडनाव पडून पाच-सहाशे वर्षं झाली असतील तरी घर हाकेच्या अंतरावरच. त्यानंतर मात्र शिक्षणाने त्यांना उचललं. फ्रेडरिक शिकले, जुन्या इंग्रजीचे अभ्यासक झाले, इंग्लंडच्या सगळ्यात जुन्या राजांच्या कायद्यांचं संपादन त्यांनी १९२२ मध्ये केलं, म्हणजे आपल्या आडनावातला 'बर्ह' त्यांच्या रोजच्या कामातलाच असणार. रिचर्ड १९२३ मध्ये केंब्रिजला जन्मले, डेव्हिड १९२६ मध्ये लंडनच्या आयझलवर्थला, आणि १९३२ पासून वडील लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रिन्सिपल म्हणून पोरं वाढली लेस्टरला. शेकडो वर्षं एका पट्ट्यात आणि मग एका पिढीत केंब्रिज, लंडन, लेस्टर.

अर्थात सगळेच काही शिकून बाहेर पडले नाहीत. नॉटिंगहॅममध्ये लेस आणि मोज्यांचा धंदा वाढला तसे खेड्यांतले लोक शहराकडे गेले. १८३९ मध्ये नॉटिंगहॅम ते डर्बी रेल्वे सुरू झाली ती या गावाच्या हद्दीतूनच गेली. (आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, म्हणजे त्यांच्यानंतर फक्त १४ वर्षांनी, हे मला लिहिताना लक्षात आलं आणि बरं वाटलं.) लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात दागिने तारण ठेवून पैसे देणाऱ्या पेढ्यांवर अ‍ॅटनबरो हे नाव चांगलं ओळखीचं होतं, म्हणजे काही घरं तिकडे जाऊन व्यापारातही रुजली होती.

आणि गावाचं काय झालं? १९२९ पासून तिथं नदीकाठची खडी उपसायला लागले, मोठमोठे खड्डे पडले, त्यांत पाणी भरून तलाव झाले, तलावांवर पक्षी आले, आणि १९६६ साली तिथं निसर्ग राखीव क्षेत्र झालं, त्याचं उद्घाटन कुणी केलं तर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी. गावाचं नाव घेऊन बाहेर पडलेल्या घरातला माणूस त्याच गावात पाहुणा म्हणून आला. ऐरोलीच्या बाजूने खाडीत फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगते.

आता यातला सगळ्यात रंगतदार भाग. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचा फक्त पुरुषांत असणारा तुकडा, तो पण बापाकडून मुलाकडेच जातो. मग एका आडनावाच्या पुरुषांचा वाय सारखा असतो का? ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने २००० साली स्वतःच्याच आडनावावर हे करून पाहिलं. साइक म्हणजे यॉर्कशायरच्या बोलीत छोटा ओहोळ, आणि ओहोळ काय सगळीकडेच असतात, त्यामुळे हे आडनाव कितीतरी ठिकाणी वेगवेगळं पडलं असणार असा समज होता. तपासलेल्या साइक्स पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांचा वाय एकाच प्रकारचा निघाला.

मग २००९ मध्ये टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. स्मिथसारख्या आडनावात काहीच जुळत नाही, रस्त्यावरचे कुठलेही दोघं घ्या तसं. आडनाव जितकं दुर्मिळ तितकं जुळणं जास्त. आणि सगळ्यात वर कोण, तर अ‍ॅटनबरो, ८७ टक्के! म्हणजे बहुतेक सगळे एकाच पूर्वजाचे. आणि हा अभ्यास झाला लेस्टर युनिव्हर्सिटीत, म्हणजे फ्रेडरिक अ‍ॅटनबरो जिथं प्रिन्सिपल होते तेच कॉलेज पुढे मोठं झालेलं. याच टुरी किंग यांनी नंतर तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा डीएनएवरून ओळखला.

त्याच टीमचा २००७ चा अजून एक अभ्यास आहे. यॉर्कशायरच्या पूर्वेकडचं एक दुर्मिळ आडनाव, त्यातल्या एका माणसाचा वाय आफ्रिकेतला निघाला, पश्चिम आफ्रिकेकडचा. दिसायला आणि घरच्या आठवणीप्रमाणे तो पक्का इंग्लिश. मग त्याच आडनावाचे १८ पुरुष तपासले तर त्यांतल्या ७ जणांत तोच वाय, आणि कागदांवरून त्यांच्या दोन वंशावळी अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत यॉर्कशायरमध्येच मागे नेता आल्या. कुणीतरी आफ्रिकेतला माणूस त्याच्याही आधी तिथं आला, संसार केला, आणि त्याची खूण एवढी वर्षं एका आडनावाआड जपली गेली. आम्ही इथलेच आणि बाकीचे उपरे असं छाती ठोकून सांगणाऱ्या कुणालाही हे वाचायला द्यावं असं मला मनापासून वाटतं.

१३ टक्के अ‍ॅटनबरो जुळत नाहीत, त्यातही घोळ वगैरे काही नाही. कुणी दत्तक गेलं, कुणाला आईचं आडनाव मिळालं, कुणी सावत्र बापाचं लावलं. आपल्याकडे दत्तक गेल्याने आडनाव बदललेली घरं काय कमी आहेत?

आणि दुर्मिळ आडनाव दुर्मिळ का राहतं याचं पण गणित आहे. फ्रान्सिस गॉल्टन याने १८७३ मध्ये प्रश्न मांडला की मोठमोठ्या घराण्यांची नावं नाहीशी का होतात, आणि हेन्री वॉटसन या पाद्र्याने त्याचं गणित मांडलं. सरासरी प्रत्येक पुरुषाला एकच मुलगा धरला तर काही घरांत दोन-तीन असतील, काहींत एकही नाही, आणि पुरेशा पिढ्या गेल्या की नुसत्या योगायोगाने एकेक आडनाव गळत जातं. कुणाचा दोष नाही, शाप नाही, घराणं नासलं असं काही नाही. त्यात १३४८ च्या प्लेगसारखं काही आलं की कितीतरी आडनावं एका वर्षात संपली असणार.

इथं एक गोष्ट मला खटकते ती सांगतेच. या सगळ्या शास्त्रात बाई कुठंच नाही. ज्या घरात मुलीच झाल्या ते आडनाव 'गेलं' म्हणायचं, माणसं तर आहेत की जिवंत! माझ्या आईचं कोळथरकर तिच्या लग्नात गेलं आणि माझं माझ्या लग्नात, पण आजीच्या कोळथऱ्याच्या सगळ्या गोष्टी मलाच माहितीयत, मामाला निम्म्याही नाहीत.

बरं, आता ठाणं. आम्ही नौपाड्यात ज्या बिल्डिंगमध्ये राहतो ती आता रिडेव्हलपमेंटला चाललीय, पुढच्या पावसाळ्याआधी पाडणार आहेत. तळमजल्यावर जिन्याखाली मीटरची खोली आहे, तिथं लाकडी फळीवर ओळीने मीटर आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या ऑइलपेंटने हाताने लिहिलेली नावं, बिल्डिंग झाली तेव्हाच्या पहिल्या मालकांची. दामले, लेले, मराठे, फाटक, पेंडसे, आणि मधेच एक हर्णेकर. आता त्या घरांत वेगळीच माणसं आहेत, कुणी घोडबंदर रोडला गेले, कुणी डोंबिवली, कुणाची मुलं न्यू जर्सीला आणि आईवडील तिकडे सहा महिने इकडे सहा महिने. मीटर बदलले, डिजिटल आले, पण फळीवरची नावं कुणी पुसली नाहीत. हर्णेकरांच्या 'ह'चा पोपडा उडालाय आणि आता ते 'र्णेकर' असं दिसतं. मी मोबाईलच्या टॉर्चमध्ये सगळ्या फळीचे फोटो काढून ठेवलेत, कारण फळी काय बिल्डर जपून ठेवणार नाही. आपल्याकडे १८८१ ची नावानिशी जनगणना कुणी सर्च करायला ठेवलेली नाही, तर निदान मीटरची फळी तरी!

ठाण्यातलं याहून मोठं उदाहरण टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगचं आहे, शआर हाशमाईम, १८७९ सालचं. बेने इस्राएल मंडळी, म्हणजे रायगडच्या किनारपट्टीतले मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना शनवार तेली म्हणत, यांची आडनावं बघा: रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर. घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. ही माणसं कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या गावांतून मुंबई-ठाण्याला आली, आणि १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेली. म्हणजे रोह्यावरून पडलेलं आडनाव रोह्यापेक्षा ठाण्यात जास्त आणि आता ठाण्यापेक्षा अश्दोद, दिमोना, बीरशेबा इकडे जास्त सापडणार. गाव सोडल्यावर आडनाव पडतं ते मामाचं म्हणणं, आणि ते आडनाव दुसऱ्या देशात जाऊन मूळ गावाचं नाव मराठीत सांगत राहतं. अ‍ॅटनबरोच्या पाच मैलांपुढे हा पल्ला केवढा मोठा आहे!

याच्या बरोब्बर उलट नवी मुंबई. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांची जमीन घेतली, त्या गावठाणांत म्हात्रे, पाटील, भोईर, ठाकूर, मढवी, घरत, पिढ्यान् पिढ्या तिथलेच, गपीला हवे होते तसे. मग मुंबईतला घाऊक बाजार तुर्भ्याला हलला, त्याच्या मागोमाग सातारा-सांगलीकडचे माथाडी कोपरखैरणे, घणसोलीत राहायला आले, शिवाय जळगावकडचे लोक कंपन्यांत नोकरीला. आता घणसोलीत पाटील म्हणून हाक मारा, गावठाणातला आगरी पाटील वळेल, वाळव्याचा मराठा पाटील वळेल आणि खानदेशातला लेवा पाटील पण वळेल, तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पाटील म्हणजे आपला स्मिथ. त्याच्यावरून घर शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

पण आपल्याकडे अगदीच कागद नाहीत असं पण नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात, कुठल्या घरातलं कोण कधी आलं, त्याचा बाप कोण, आजा कोण, सगळं. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा तहसील कचेऱ्यांतली मोडीतली जुनी रजिस्टरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली. लोकांनी दाखल्यासाठी बघितली, ठीकच आहे, पण त्या रजिस्टरांत गावोगावची आडनावं कशी पडत गेली ते सगळं आहे. इंग्लंडमध्ये १९७९ पासून एक संस्थाच आहे, एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांची, एक माणूस एक आडनाव घेतो आणि जगभरातून त्याच्या नोंदी गोळा करतो. साधे लोक, रिटायर झालेले मास्तर, नर्सेस वगैरे. हे आपल्याकडे व्हायलाच पाहिजे असं मला वाटतं, आणि कुणी करेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, म्हणून मी कोळथरकर घेतलंय.

घरात सांगतात ते असं की पणजोबांचं मूळ आडनाव वेगळं होतं, मुंबईला गिरणीत लागले तेव्हा मस्टरवर मुकादमाने गावाचं नाव टाकलं आणि तेच शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर आलं. तसं असेल तर आमच्यासारखी दुसरी घरं पण त्याच गावातून वेगवेगळ्या वेळी निघून तेच आडनाव लावत असणार. हे डीएनए न करता ओळखायची एक सोय आपल्याकडे आहे जी इंग्लंडकडे नाही, ती म्हणजे कुलदैवत, आणि देवक किंवा गोत्र. एका घराचं कुलदैवत सहसा बदलत नाही, आडनाव बदललं तरी. त्यामुळे मी आता कुणी कोळथरकर भेटला की पहिलं कुलदैवत विचारते, मग मूळ आडनाव, मग मुंबईला पहिलं कोण आलं आणि कुठल्या चाळीत उतरलं. गिरगावातल्या एका घराचं आमच्याशी जुळलं नाही. बदलापूरच्या एका घराचं जुळलं, आणि त्यांच्या आजी अजून आहेत, त्यांना आमच्या पणजोबांचं नाव ऐकून माहिती होतं, गिरणीच्या नावासकट. मूळ आडनाव काय ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, म्हणाल्या घरी या, फोनवर असलं बोलायचं नसतं. येत्या रविवारी आईला घेऊन बदलापूरला जातेय.